चार यार्डांवर थांबवलेला मुलगा

पत्र:

ताई, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. मग मुलगा इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून पळायला लागला आणि सगळं नव्यानं शिकावं लागलं. तो अकरावीत आहे. शाळेच्या टीममध्ये रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, आहे, पण दुसऱ्या फळीतला. तीन वर्षं ऑगस्टच्या उन्हात प्रॅक्टिस करतोय आणि शुक्रवारी रात्री बहुतेक वेळ बाकावर बसतोय.

गेल्या शुक्रवारी समोर फारच कच्ची टीम होती. मध्यंतराला 42-0. तरी चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या कोचनी पहिलीच फळी उतरवली. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, लांब लांब पास टाकत राहिला आणि स्कोअर 63-0 झाला. चौथ्या क्वार्टरमध्ये माझ्या मुलाला आत पाठवलं. दुसऱ्याच प्लेला (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल) त्याला फट सापडली आणि तो सुटला. पन्नासेक यार्ड धावला, पुढे कुणीही नाही. तेवढ्यात कोच कडेवरून ओरडले, "खाली! खाली!" हा एंड झोनच्या, म्हणजे जिथे चेंडू नेला की टचडाउनचे सहा गुण मिळतात त्या पट्ट्याच्या, चार यार्ड अलीकडे गुडघा टेकून थांबला. (चेंडू घेतलेल्यानं गुडघा टेकला की तो प्ले तिथेच संपतो.) पुढचा सगळा वेळ आमची टीम गुडघेच टेकत राहिली.

सोमवारी शाळेनं कोचच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक केलं. बायको म्हणते, पोरांना चांगला संस्कार मिळाला. मी म्हणतो, माझ्या मुलाचं पहिलं टचडाउन काढून घेतलं. मुलगा गप्प आहे. मी कोचना कडक मेल लिहून ठेवलाय. (ट्रॅफिक टाळायला मी तिसऱ्या क्वार्टरनंतर गाडीकडे गेलो होतो. हे सगळं नंतर बायकोच्या फोनवर पाहिलं.) इतक्या एकतर्फी सामन्यात कोचनं स्कोअर वाढवत राहावं की थांबावं? मेल पाठवू का?

– एक बाबा

उत्तर:

बाबा, मेल पाठवू नका. तुमचा राग चुकीचा आहे म्हणून नव्हे, तो चुकीच्या जागी जाऊन बसलाय म्हणून.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आम्ही टेक्सासमध्ये असताना माझी मुलगी चार वर्षं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या सामन्यांना वाजवणाऱ्या पथकात, क्लॅरिनेट वाजवायची. मी बँडची आई. फुटबॉल कळो न कळो, बँडची आई शेवटच्या शिट्टीपर्यंत लोखंडी पायऱ्यांवर बसून असते, कारण सामना संपला की वाद्यांच्या पेट्या उचलायला तीच लागते. आमची शाळा हरणारी होती. थोडीथोडकी नव्हे, अशी की स्कोअरबोर्डवर पाहुण्यांच्या बाजूचा आकडा सतत बदलत असायचा आणि आमच्या बाजूचा दिवा गेलाय की काय, अशी शंका यायची. त्यामुळे 63-0 च्या ज्या बाजूला तुम्ही होतात, तिच्या बरोब्बर समोरच्या बाजूला मी चार हंगाम काढलेत. तिथून काय दिसतं ते तुम्हाला सांगायला हवं.

अशा सामन्यात मुलं केव्हा कोसळतात? टचडाउन झाल्यावर नाही. त्याची त्यांना सवय झालेली असते. एकदा समोरची टीम पन्नासहून जास्त गुणांनी पुढे होती. चौथ्या क्वार्टरची नऊ मिनिटं शिल्लक होती आणि त्यांच्या कोचनी गुडघे टेकायला सांगितलं. चेंडू मागे यायचा, क्वार्टरबॅक गुडघा टेकायचा, खेळ थांबायचा. पुन्हा तेच. आमची पोरं मात्र दर वेळी खाली वाकून, हात जमिनीला लावून, आता कुणीतरी अंगावर येणार या तयारीत उभी राहायची आणि कुणीच यायचं नाही. तिसऱ्या वेळी आमच्या एका धिप्पाड पोरानं गवतावर दाणकन मूठ आपटली. पायऱ्यांवर माझ्या पुढे बसलेले एक आजोबा उभे राहून त्या टीमवर ओरडले, "अरे, खेळा की!" परत येताना गाडीत मुलीनं विचारलं, "आई, त्यांनी आपल्यावर दया केली की आपली थट्टा केली?" त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही.

गुडघा टेकण्यात मुळात वाईट काही नाही, हेही सांगते. शेवटचं मिनिट उरलंय, आपण थोड्या गुणांनी पुढे आहोत, घड्याळ संपवायचंय. तेव्हा गुडघा टेकणं ही या खेळातली रीतच आहे आणि समोरचेही ते समजून घेतात. पण अर्धा क्वार्टर बाकी असताना तेच केलं तर समोरच्याला ऐकू येतं, "तुमच्याशी खेळण्यात आता काही अर्थ नाही."

म्हणून तुमच्या प्रश्नाचे मी दोन तुकडे करते. कोचनं थांबावं का? हो, थांबावं आणि लवकर थांबावं. मैदानात पाठवलेल्या मुलानं थांबावं का? नाही. तुमच्या कोचनी हे नेमकं उलटं केलं.

तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा. मध्यंतराला 42-0 होतं. तिथे सामना संपला होता. तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये पहिली फळी, वर लांब पास. का? मला तुमचे कोच माहीत नाहीत, पण ही दुनिया थोडी माहीत आहे. क्वार्टरबॅकच्या नावावर यार्ड जमा होतात, कॉलेजांना पाठवायच्या व्हिडिओत दोन-तीन झकास पास पडतात, गावात चर्चा होते. ते सगळं पदरात पडल्यावर, चौथ्या क्वार्टरला कोचना करुणेचा पान्हा फुटला. आणि त्या करुणेची किंमत कुणी मोजली? तीन वर्षं बाकावर बसलेल्या मुलानं. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. संस्कार द्यायचाच होता तर तो मध्यंतराला स्टार क्वार्टरबॅकला बाकावर बसवून देता आला असता. तेव्हा त्याची किंमत कोचना स्वतःला मोजावी लागली असती.

हा वाद टेक्सासला नवा नाही. फोर्ट वर्थच्या पश्चिमेला अलेडो म्हणून गाव आहे, फुटबॉलमध्ये फार दबदब्याचं. ऑक्टोबर 2013 मध्ये त्यांच्या शाळेनं फोर्ट वर्थच्या वेस्टर्न हिल्स शाळेला 91-0 असं हरवलं. हरलेल्या टीममधल्या एका मुलाच्या पालकानं अलेडोच्या प्रशिक्षकांविरुद्ध चक्क दादागिरीची तक्रार केली, म्हणजे वर्गात मोठी मुलं लहानांना छळतात, त्यासाठी असते ती तक्रार. तक्रार आली की शाळेला चौकशी करावीच लागते. ती झाली आणि दादागिरी नव्हती असा निष्कर्ष निघाला. बातमी देशभर गाजली. 91 हा आकडा वाचून मीही आधी दातओठ खाल्ले होते. मग तपशील वाचला. अलेडोचे कोच टिम ब्युकॅनन यांनी पहिल्या फळीला लवकर बाहेर काढलं होतं, उत्तरार्धात घड्याळ न थांबवता चालू ठेवलं होतं (एरवी ते मधेमधे थांबतं; चालू राहिलं की सामना लवकर संपतो) आणि साऱ्या सामन्यात त्यांच्या टीमनं जेमतेम बत्तीस प्ले खेळले होते. हरलेल्या टीमच्या कोचचीसुद्धा तक्रार नव्हती. ब्युकॅनन तेव्हा जे म्हणाले ते तुमच्या फ्रिजवर लावण्यासारखं आहे: आठवड्याला सहा-सात तास घाम गाळणाऱ्या पोराला आत गेल्यावर टचडाउन करायचं नाही, गुडघा टेकायचा, असं मी सांगणार नाही, कारण शाळेच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याच्या वाट्याला कदाचित तेवढंच एक टचडाउन येईल.

म्हणजे तुमच्या कोचचा 63 आणि त्यांचा 91 समोरासमोर ठेवले, तर मला 91 जास्त सभ्य वाटतो. आकड्यावरून काही कळत नाही. कोण खेळत होतं, कुठले प्ले दिले जात होते आणि घड्याळ कसं चाललं होतं, यावरून कळतं.

आकड्यावरच बोट ठेवायला गेलं की काय होतं, ते कनेक्टिकटनं पाहिलंय. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेनं 2006 मध्ये नियम केला: पन्नासपेक्षा जास्त गुणांनी जिंकलात तर कोचला पुढच्या सामन्यात बंदी. ऐकायला छान. पण 49 गुणांनी पुढे असलेल्या टीमच्या राखीव मुलाला समोर मोकळं मैदान दिसलं तर त्यानं काय करावं? धावला तर कोच जातो, थांबला तर नाटक. पुढे तिथेही घड्याळ न थांबवण्याचाच मार्ग आला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आता ठरावीक फरकानंतर उत्तरार्धात घड्याळ चालूच राहतं. टेक्सासमध्येही सहाजणांचा फुटबॉल जो छोट्या गावांत खेळतात, त्यात उत्तरार्धात 45 चा फरक पडला की सामना तिथेच संपतो. अकराजणांच्या खेळात घड्याळाचं हे दोन्ही टीमच्या कोचच्या आपसांतल्या समजुतीवर असतं. मध्यंतरात दोघांनी हात मिळवून पंचांना सांगायचं, "घड्याळ चालू द्या." तुमच्या 42-0 ला हे झालं असतं तर तुमचं पत्र मला आलंच नसतं.

दुष्टपणानं आकडा कसा वाढवतात याचा नमुना पाहायचा असेल तर शंभरावर वर्षं मागे जावं लागतं. 1916 च्या ऑक्टोबरात अटलांटामध्ये जॉर्जिया टेकनं कंबरलँड कॉलेजला 222-0 असं चिरडलं. कंबरलँडनं खरं तर फुटबॉल बंद केला होता. सामना रद्द केला तर 3,000 डॉलर दंड पडेल म्हणून कशीबशी पोरं गोळा करून नेली होती. मध्यंतराला 126-0. जॉर्जिया टेकचे कोच जॉन हाइझमन यांच्या डोक्यात त्याच वर्षी कंबरलँडकडून बेसबॉलमध्ये झालेला 22-0 असा पराभव होता, असं सांगतात. म्हणजे सूड, तोही दुसऱ्याच खेळातला. आणि गंमत बघा, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दर वर्षी जी ट्रॉफी देतात ती याच हाइझमन यांच्या नावाची.

आता तुमच्या कोल्हापूरकडे येते. चार यार्ड अलीकडे थांबलेला मुलगा वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते तुमचेच भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा. निंबाळकर 443 वर नाबाद. ब्रॅडमन यांचा 452 चा विश्वविक्रम नऊ धावांवर. आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. डाव घोषित झाला नाही आणि ते खरंच निघून गेले. सामना तिथेच संपला. निंबाळकरांना पुढे कधी कसोटी खेळायला मिळालं नाही. प्रथम श्रेणीत भारतीयानं केलेली ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे.

मी लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा ठाकोरसाहेबांचा फार राग यायचा. आता वाटतं, आपण गोष्ट सांगताना फक्त नऊ धावा मोजतो. आठशेपेक्षा जास्त धावा होईपर्यंत उन्हात चेंडूमागे पळणाऱ्या त्या अकराजणांचं नाव कुणी घेत नाही. 2016 च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात नाबाद 1009 केल्या, टीमच्या 3 बाद 1465 झाल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फटाके फोडले. समोरची शाळा 31 आणि 52 मध्ये बाद झाली होती. ती मुलं किती वर्षांची होती, घरी जाऊन जेवली का, असा प्रश्न तेव्हा मलाही पडला नव्हता. प्रणवनं काय करायला हवं होतं? खेळायलाच हवं होतं. बॅट हातात असलेल्या पोरानं खराब चेंडू सोडून द्यायचे नसतात. डाव कधी घोषित करायचा हे मोठ्यांनी बघायचं असतं.

तुमच्या सौभाग्यवतींना मी खोडून काढतेय असं वाटू देऊ नका. त्यांना जे दिसलं, की आपण इतके पुढे असताना समोरच्याला आणखी तुडवायचं नाही, ते खरंच आहे. 2019 च्या महिला विश्वचषकात (हा आपला, पायानं खेळायचा फुटबॉल) फ्रान्सच्या रेम्समध्ये अमेरिकेनं थायलंडला 13-0 हरवलं, तेव्हा जगभर टीका झाली ती गोलांपेक्षा जल्लोषावर. दहाव्या-बाराव्या गोलानंतरही नाचणं लोकांना खुपलं. तिथे गोलफरक धरला जात होता, त्यामुळे गोल करणं समजण्यासारखं होतं. नाचण्याला तसं कारण नव्हतं. पुढच्या सामन्यात थायलंड स्वीडनकडून 5-1 हरलं, पण तो एक गोल झाला तेव्हा त्यांच्या व्यवस्थापिका नुआलफान लामसाम ढसाढसा रडल्या. समोरून खरा खेळ झाला म्हणून त्या एका गोलाला मोल आलं. स्वीडननं शेवटची वीस मिनिटं चेंडू इकडून तिकडे टोलवत काढली असती आणि मग तो गोल झाला असता, तर त्या रडल्या असत्या का?

तेव्हा घरातल्या भांडणात दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण भांडण संपवायला मला बोलावू नका. खरा प्रश्न मुलाचा आहे आणि तो गप्प का आहे, हे तुम्हा दोघांनाही माहीत नाही. तुम्ही धरून चाललाय की टचडाउन गेलं म्हणून. असेलही. पण त्याचा पाठलाग करत मागून धावत आलेल्या पोरानं त्याला काहीतरी म्हटलं असेल. किंवा त्यालाच वाटलं असेल की आपण कोचचं ऐकायला नको होतं आणि आता सगळी शाळा ज्याचं कौतुक करतेय त्याची त्याला लाज वाटतेय. किंवा तो अजिबात दुःखी नसेल, नुसता सोळा वर्षांचा असेल. ती मुलं एरवीही आई-बापांशी कितीसं बोलतात! त्याला गाडीत बसवा, तुम्ही चालवा, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि विचारा, "पळताना काय दिसत होतं रे?" एवढंच. टचडाउन हा शब्द काढू नका. तो काढेल तेव्हा काढेल.

मेलबद्दल. तुमच्या भागातल्या कोचना आई-बापांचे मेल म्हणजे सोमवारचा नाश्ता. "माझ्या मुलाला खेळायला मिळत नाही" या गठ्ठ्यात तुमचाही जाईल आणि तोटा मुलाचाच होईल. कोचशी बोलायचंच असेल तर ते मुलानं बोलावं, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, प्रॅक्टिस संपल्यावर, चारचौघांत नाही. काय बोलावं? गेलेल्या टचडाउनची भरपाई मागू नये. एवढंच म्हणावं, "कोच, पुढच्या वेळी मला आत पाठवाल तेव्हा मी पूर्ण खेळलो तर चालेल ना? थांबायचं असेल तर आत पाठवायच्या आधी सांगा." सरळ प्रश्न आहे. बहुतेक कोच स्वतःही एके काळी दुसऱ्या फळीत बसलेले असतात, त्यांना तो बरोबर लागतो. आणि अशी संधी परत आलीच तर मुलाला सांगून ठेवा: धाव, रेषा ओलांड, चेंडू पंचांच्या हातात दे, माघारी ये. उड्या नाहीत, बोट दाखवणं नाही.

तुम्हाला बोलायचंच असेल तर हंगाम संपू द्या. शेवटी जेवण असतं, तेव्हा हात मिळवताना सहज विचारा की पुढच्या वर्षी मध्यंतराला मोठा फरक असेल तर घड्याळ चालू ठेवायचं समोरच्या कोचशी ठरवता येईल का आणि उत्तरार्ध दुसऱ्या-तिसऱ्या फळीला देता येईल का. दुसऱ्या फळीच्या बापाकडून ही सूचना आली तर कोच मनात हसतील, हे मला कळतंय. हसू द्या. त्यात तुमचा स्वार्थ आहे आणि समोरच्या टीमचं भलंही आहे. या दोन गोष्टी एकत्र येण्याचे प्रसंग या खेळात कमीच.

आता तुमच्या पत्रातला तो कंस. तिसऱ्या क्वार्टरनंतर तुम्ही गाडीकडे गेलात. रागावू नका, सगळेच जातात. 63-0 ला आमच्या बाजूचेही अर्धे लोक पार्किंगमध्ये असायचे आणि तुमच्याकडचे तर जिंकलोच म्हणून त्याही आधी. पण दुसऱ्या फळीच्या मुलाचा सामना सुरू होतो तो चौथ्या क्वार्टरला. या शुक्रवारी ट्रॅफिकमध्ये अडका. पायऱ्यांवर थंडी वाजते, एक जाड चादर सोबत ठेवा, आणि कडेच्या बँडच्या आयांना हात करा. त्या शेवटपर्यंत तिथेच असतात.